उठू न दिलेले आठ महिने

आई,

गेले दहा दिवस घरात माणसांची ये-जा आहे. येतात, पाणी पितात, तुमच्या फोटोकडे बघून उसासा टाकतात आणि मग माझ्याकडे वळतात. "वैशाली, सासूचं करावं ते तू. पोटच्या लेकीनं केलं नसतं इतकं केलंस. आठ महिने त्या बाईला जागेवरून उठू दिलं नाहीस." मी मान खाली घालते. त्यांना वाटतं, सून फार नम्र आहे. तुमचा महेश एकदा माझ्याकडे बघतो आणि अंगणाकडे तोंड फिरवतो. त्याला ठाऊक आहे. तुम्हाला तर होतंच. ज्यासाठी आज माझं कौतुक होतंय, त्याच गोष्टीनं मी तुम्हाला जवळजवळ घालवलं होतं.

हे मी त्यांना सांगू शकले नाही. म्हणून तुम्हाला लिहिते. तुमची घरची बोली मला एकोणीस वर्षांत समजायला लागली, पण बोलता आली नाही. मी चंदनसारच्या बिल्डिंगीत वाढलेली. तेव्हा तुमचं बोलणं मी माझ्या भाषेत लिहिलंय. वाचलं असतंत तर हसला असता. "एवढी शुद्ध मी कधी बोलले गं?" असं म्हणाला असता.

लग्न होऊन नंदाखालजवळच्या तुमच्या वाडीत आले, तेव्हा पहिले काही दिवस मी तुम्हाला बसलेलं पाहिलंच नव्हतं. सूर्य वर यायच्या आत सोनचाफ्याची फुलं उतरवलेली असायची. मग केळीला पाणी. मग नारळाच्या झावळ्या ओढत गोठ्यामागे. जेवतानासुद्धा तुमचा एक पाय उठायच्या तयारीत. मी एकदा म्हटलं होतं, "आई, जरा टेका ना." तुम्ही माझ्याकडे खरोखरच न समजून बघितलंत. "कशाला? काय झालंय मला?"

माझं काम अगदी उलटं. विरार पूर्वेच्या लॅबमध्ये स्टुलावर बसायचं आणि मायक्रोस्कोपला डोळा लावायचा. लोकांचं रक्त, लोकांचे रिपोर्ट. तुम्ही माझ्या कामाला "सुनेचं बघणं" म्हणायचात. कोणी विचारलं, सून काय करते, तर म्हणायचात, "बघते." विचारणारा पुढं काही विचारायचा नाही.

तीन वर्षांपूर्वी बावखळाच्या पायरीवर तुम्ही घसरलात. आपल्या वाडीतलं ते तळं, त्याची ती शेवाळलेली तिसरी पायरी. तुम्ही पन्नास वर्षं त्या पायरीवरून उतरत होतात, त्या दिवशी तिनं दगा दिला. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आत सळई बसवली. दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी तुम्हाला वॉकर धरून उभं केलं. "घरी गेल्यावर रोज चालवायचं," असं त्यांनी मला बजावून सांगितलं. मी मान हलवली. कागदावरही लिहून दिलं होतं त्यांनी. तो कागद मी फाइलमध्ये नीट लावला.

घरी आल्याच्या पाचव्या दिवशी मोरीकडं जाताना तुमचा वॉकर उंबऱ्याला अडकला. तुम्ही पुढं झुकलात, मी कमरेला मिठी मारून धरलं. पडला नाहीत. तुम्हाला काहीही झालं नाही. उलट तुम्हीच म्हणालात, "सोड आता, दम कोंडला माझा."

पण मला झालं. माझी आई चंदनसारच्या घरात अशीच पडली होती. पहिल्यांदा मनगटावर निभावलं. महिन्याभरानं पुन्हा पडली ती बाथरूममध्ये, डोक्यावर, आणि मी लॅबमधून पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हे तुम्हाला माहीत होतं. मला मात्र त्या दिवशी तुमच्या जागी तीच दिसली, हे मी कधी नीट बोलले नाही. मी तुम्हाला पलंगावर निजवलं आणि म्हटलं, "बस झालं. हाड पूर्ण जुळेपर्यंत उठायचं नाही."

"डॉक्टर तर चाल म्हणाले."

"डॉक्टर घरी येणारेत का पडल्यावर उचलायला?"

तिथून सुरुवात झाली. कठडे असलेला पलंग आणला. बेडपॅन आला, डायपर आले. मी लॅबमध्ये अर्धा दिवस मागून घेतला. मी नसताना शेजारच्या बेबीकाकी, तुमच्या चुलत जाऊबाई, येऊन बसायच्या. तुम्हाला भरवत होते, पुसत होते, केस विंचरत होते. तुम्ही पाण्याच्या तांब्याकडं हात नेलात की मी धावत यायचे. तुमच्या हातून एकही काम होऊ द्यायचं नाही, हेच मला प्रेम वाटत होतं. नव्हतं असं आजही म्हणता येत नाही. तेच तर अवघड आहे.

दुसऱ्या महिन्यात लघवीचा संसर्ग झाला. औषधानं बरा झाला आणि तीन आठवड्यांत परत आला. मग छातीत कफ. मग कमरेखाली माकडहाडावर लालसर डाग, त्याची जखम, ती रोज धुवायची. तुमचं रक्त मीच काढायचे, मीच नेऊन तपासायचे. एकदा तुम्हाला अंगात ताप होता, छाती घुरघुरत होती, आणि रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी जेमतेम वाढलेल्या. इतकी वर्षं मी ते आकडे बघत आले. अंगात जंतू शिरले की या पेशी कशा उसळून वर येतात, ते मला पाठ आहे. तुमच्या अंगात काही उसळलंच नव्हतं. मी मशीन पुन्हा लावलं. तोच आकडा. मी मनाशी म्हटलं, वय झालं. रिपोर्ट फाइलमध्ये लावला. नीट.

तुम्ही रोज एकदा तरी म्हणायचात, "मला उठव." आधी हुकूम म्हणून, मग विनवणी म्हणून. सहाव्या महिन्यात एकदा माझा हात धरून म्हणालात, "वैशाली, उभी राहून पडले तरी चालेल गं. पण अशी आडवी राहून नको संपवू मला." मी हात सोडवून घेतला आणि मऊ भात आणायला स्वयंपाकघरात गेले. त्यानंतर तुम्ही म्हणणं बंद केलंत. दिवसभर छताच्या वाशांकडं बघत राहायचात. फुलं उतरवायला आता माणूस लावला होता. तो काय उतरवतो, किती उतरवतो, हेही तुम्ही विचारीनाशा झालात. मी बेबीकाकींना म्हटलं, "आई आता शांत झाल्यात."

आठव्या महिन्यात पाठीपासून छातीपर्यंत एका बाजूनं पुळ्यांचा पट्टा उठला. आग आग व्हायची तुमची. आगाशीचे आपले नेहमीचे डॉक्टर आले, चादर बाजूला करून बघितलं आणि म्हणाले, "नागीण आहे. लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का?"

"सहा वर्षांची होते," तुम्ही म्हणालात. "आजीनं कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं."

"तोच विषाणू हा. तेव्हापासून तुमच्या नसांत झोपलेला."

मी हे शिकले होते. परीक्षेत लिहिलं होतं. पण तुमच्या पलंगाशी उभी राहून ऐकताना ते पहिल्यांदा खरं वाटलं. तुम्ही शाळा सोडलीत, लग्न करून या वाडीत आलात, महेश झाला, बाबा गेले, मी आले. या सगळ्या काळात तुमच्या अंगात कुठल्यातरी पेशी त्या एका जागेवर पहारा देत होत्या. सत्तर वर्षं. एक दिवस खाडा नाही. तुम्हाला पत्ता नाही, कुणाला नाही. आणि आता तो पहारा सैल झाला होता.

बाहेर ओट्यावर डॉक्टरांनी मला विचारलं, "किती दिवस झोपून आहेत?"

"आठ महिने."

"हाड तर कधीच जुळलंय. मग?"

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. चपला घालता घालता थांबले, पुन्हा ओट्यावर बसले. "तुम्ही रोज पेशी बघता, म्हणून सांगतो. रक्ताला ढकलायला हृदय आहे. पण या राखण करणाऱ्या पेशी आणखी एका पाण्यातून फिरतात. लसिका. तिला हृदयासारखा पंप नाही. स्वतःच्या नळ्यांच्या जोरावर थोडी सरकते, बाकी आपण चाललो, पोटऱ्या आवळल्या-सुटल्या, खोल श्वास घेतला, की पुढं जाते. माणूस पडून राहिला की तीही रेंगाळते."

"आणि स्नायू?" मी विचारलं.

"स्नायू काय नुसते ओझं उचलायला असतात? काम करताना ते रक्तात काही द्रव्यं सोडतात. निरोपच म्हणा. पेशींना ते निरोप लागतात. स्नायू झडले, निरोप थांबले. उलट अंगात एक बारीक धग कायम राहते, आणि पेशी त्यातच गुंतून पडतात. खरा शत्रू आला की थकलेल्या. वयाचा भाग आहेच. सगळं झोपण्यावर ढकलत नाही मी." मग उठत म्हणाले, "पण वयाला आपण काही करू शकत नाही. झोपण्याला करू शकतो."

ते गेले. मी ओट्यावरच बसून राहिले. इतकी वर्षं मी त्या पेशींची नावं घेत होते, त्या मोजत होते. त्या ज्या माणसाच्या आहेत तो माणूस हललाच नाही तर त्यांचं काय होतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

पुळ्या सुकल्यावर ॲनेट आली. नंदाखालच्या बागायतदाराची मुलगी, फिजिओथेरपिस्ट, स्कूटीवर फिरणारी. पहिल्या दिवशी आत येऊन तिनं माझ्याशी न बोलता पलंगाचा कठडा खाली केला. "आजी, मी ॲनेट. आज आपण फक्त पाय खाली सोडून बसू. चालेल ना?"

तुम्ही तिच्याकडं बघितलंत, मग माझ्याकडं. माझी परवानगी मागितलीत, आई. या घराची मालकीण, आणि डोळ्यांनी सुनेची परवानगी मागत होती. ते डोळे मला विसरता येत नाहीत.

बसल्या बसल्या तुम्हाला चक्कर आली. मी पुढं झाले. ॲनेट म्हणाली, "भाभी, प्लीज, तुम्ही जरा बाहेर थांबा. तुम्ही घाबरता, मग त्या घाबरतात." माझ्याच घरातून मला बाहेर काढलं त्या पोरीनं. मी खिडकीतून बघत राहिले. आठवड्याभरानं तिनं तुम्हाला उभं केलं. तुमच्या मांड्या थरथरत होत्या, कपाळावरून घाम, ओठ घट्ट मिटलेले. ॲनेट मोठ्यानं आकडे मोजत होती. बारापर्यंत गेली. तुम्ही धपकन खाली बसलात आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा मला हाक मारलीत, अंगणापर्यंत ऐकू जाईल अशी. "वैशाली! बघितलंस?"

बघितलं, आई. खिडकीच्या गजाला धरून बघितलं.

त्यापुढचे महिने मी नवलानं काढले, दुसरा शब्द नाही मला. बारा आकडे मग तीस झाले. पलंगापासून दारापर्यंत. दारापासून ओट्यापर्यंत. कमरेखालची ती जखम, जी मी महिनोन्‌महिने धूत होते, ती आता कडांनी आत सरकायला लागली. मलम तेच, पट्टी तीच. हवेची गादी आणली होती, तुम्ही जेवायलाही लागला होतात, म्हणजे नुसत्या चालण्याचं श्रेय म्हणता येणार नाही. मी लॅबमधली बाई आहे, इतका विचार करते. पण रोज सकाळी पट्टी काढून बघताना मला वाटायचं, आत कुणीतरी कामाला लागलंय. खोल खड्डा होता तिथं गुलाबी मांस धरत होतं, दाणेदार. ना तुम्हाला काही करावं लागत होतं ना मला. तुम्ही फक्त चालायचात आणि तुमच्या पाठीमागे, तुम्हाला न दिसणाऱ्या जागी, शरीर स्वतःला विणत होतं.

एक दिवस तुम्ही म्हणालात, "मला तुझं बघणं बघायचंय."

रविवारी दुपारी लॅब बंद असते. आमच्या सरांना विचारून मी तुम्हाला रिक्षानं नेलं. पहिल्यांदाच माझ्या स्टुलावर तुम्ही बसलात. मी तुमच्या बोटाला टोचलं, थेंब काचेवर पसरला, रंग लावला, सुकवला, धुतला. तुम्ही डोळा लावलात.

"हे गुलाबी सगळं?"

"लाल पेशी."

"आणि मधे ही जांभळी?"

"ती पांढरी पेशी."

"पांढरी म्हणतेस आणि दाखवतेस जांभळी."

"रंग मी दिलाय, दिसावी म्हणून."

"माझी आहे?"

"तुमचीच."

"जिवंत आहे?"

"आता नाही. काचेवर सुकली ना."

"बिचारी," तुम्ही म्हणालात. अगदी मनापासून.

मग मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "आई, पॅसेजमध्ये चालू या का? थोडी धाप लागेपर्यंत?" काठी टेकत तुम्ही त्या लांब पॅसेजच्या फेऱ्या मारल्यात, मी शेजारी. ॲनेटनं सांगितलं होतं तसं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत. परत येऊन मी पुन्हा टोचलं. "आणखी किती टोचणार?" असं म्हणत तुम्ही दुसरं बोट पुढं केलंत.

पहिल्या काचेवर लिम्फोसाइट, म्हणजे त्या गोल टपोऱ्या जांभळ्या राखणदार पेशी, शोधाव्या लागत होत्या. दुसऱ्या काचेवर त्या येत होत्या. काच जरा सरकवली की एक, जरा सरकवली की आणखी एक. मी मशीनवर लावून बघितलं. तिथंही वाढलेल्या. अर्ध्या तासापूर्वी त्याच बाईच्या रक्तात एवढ्या नव्हत्या.

"कुठून आल्या?" तुम्ही विचारलंत.

"आतच होत्या. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना टेकून होत्या, पोटातल्या प्लीहेत होत्या. हृदयाचे ठोके वाढले, रक्ताचा जोर वाढला, तशा सुटल्या."

"म्हणजे मी उठले की त्या उठतात?"

"उठतात."

तासाभरानं तिसरा थेंब घेतला. त्या पुन्हा कमी झाल्या होत्या. मी घाबरले नाही. वाचलं होतं मी, त्या मरत नाहीत, रक्तातून निघून फुप्फुसांत, आतड्यांत, जिथं जंतू शिरायची वाट असते तिथं फेरी घालायला जातात असं मानतात. तुम्हाला तसं सांगितलं. तुम्ही छातीवर हात ठेवलात, मग पोटावर, जणू आत कोणी चालतंय ते हाताला लागेल. तुमचा चेहरा देवळाच्या गाभाऱ्यातून बाहेर पडल्यासारखा झाला होता. आणि मग एकदम म्हणालात, "आठ महिने त्या बसूनच होत्या का गं?"

मी काचा धुवायला बेसिनकडं वळले. नळ सोडला.

नंतर एकदोनदा मी तोच प्रयोग स्वतःवर करून बघितला. दिवसभर स्टुलावर बसल्यावर आणि मग जिने चढून आल्यावर. माझ्याही पेशी तशाच उठल्या. रिकाम्या लॅबमध्ये मी एकटीच, डोळा मायक्रोस्कोपला, आणि मला कुणालातरी हाक मारून दाखवावंसं वाटत होतं. इतकी वर्षं ज्याचे आकडे लिहून मी लिफाफ्यात घातले, ते असलं काही होतं.

तुम्ही पुन्हा वाडीत गेलात. आधी काठी टेकत केळीच्या पहिल्या ओळीपर्यंत, मग शेवटच्या. माणसानं उतरवलेली फुलं मोजून त्याला दोन गोष्टी ऐकवल्यात. पुढच्या थंडीत घरात तापाची साथ आली. महेश पडला, मी पडले, मला तर आठवडाभर डोकं वर करवेना. तुम्हाला दोन दिवस कणकण आली आणि तिसऱ्या दिवशी चुलीवर पेज ठेवून तुम्ही माझ्या उशाशी वाडगा घेऊन उभ्या होतात. "ऊठ," म्हणालात. "बसून पी. झोपून नको."

मला वाटतं तुम्ही तेव्हा हसत होतात. तापात नीट दिसलं नाही.

आपलं भांडण झालं ते राजोडीला. रविवार होता, किनाऱ्यावर मुंबईकडून आलेल्या लोकांची गर्दी, घोडागाडी, कणसं भाजणारे. तुम्हाला वाळूत चालायचं होतं, ॲनेटनं सांगितलं होतं वाळूनं पायांत जोर येतो म्हणून. मी नारळपाणी घ्यायला वळले आणि बघते तर तुम्ही काठी वाळूत रोवून, लुगडं वर खोचून घोट्यापर्यंत पाण्यात. लाट मागं जाताना पायाखालची वाळू ओढून नेते, तुमचा तोल एका बाजूला गेला, सावरलात. मी सगळ्या लोकांदेखत ओरडले. "आई! अक्कल आहे का? पुन्हा पडायचंय का तुम्हाला?" दंडाला धरून तुम्हाला ओढत बाहेर आणलं.

तुम्ही हात सोडवून घेतलात. आवाज चढवला नाहीत. "तू मला प्रेमानं मारत होतीस, वैशाली. कळलं का तुला? अजून तुझी भीती गेली नाही. ती तुझी आहे, तुझ्यापाशी ठेव. माझ्या पायात नको बांधू."

मी चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. मला वाटत होतं, एवढं केलं आणि हे ऐकून घ्यायचं? पाचव्या दिवशी तुम्ही काहीच न झाल्यासारखं "चहा टाक" म्हणालात आणि मी टाकला. विषय तिथंच राहिला. माझी बाजू अजूनही आहे, आई. पडण्याची भीती काही खोटी नव्हती, माझी आई तशीच गेली. तुम्ही एकदा पडून खुबा मोडून घेतला होतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पाण्यात एकटं जाऊ देणारी सून मी होऊ शकले नसते, आजही होणार नाही. हे मला तुमच्याशी अजून भांडायचं होतं. पण माफी मागायची होती ती त्याआधी. आठ महिन्यांची. रोज वाटायचं आज म्हणू. तुम्ही समोर असायचात, फुलं निवडत, आणि मला वाटायचं, एवढ्या चांगल्या चालताहेत, आता कशाला ते उकरायचं? उद्या बघू.

मंगळवारी सकाळी मी डबा भरत होते. तुम्ही वाडीतून आलात, टोपली ओट्यावर ठेवलीत आणि पायरीवर बसलात. तुम्ही बसलात म्हणून मी बाहेर आले. एरवी आले नसते.

"काय झालं?"

"छातीवर जड वाटतंय जरा." मग टोपलीकडं बोट केलंत. "फुलांवर पाणी मार. ऊन चढेल."

महेश रिक्षा आणायला धावला. मी तुम्हाला टेकवायला गेले, तुम्ही मान हलवलीत, आडवं नको म्हणून. मी तुमच्या मागे पायरीवर बसले आणि तुमची पाठ माझ्या छातीला टेकवली. तुमचा श्वास मला माझ्या अंगात लागत होता. तीनचारदा लागला. मग लागला नाही. रिक्षा फाटकात आली तेव्हा आपण दोघी तशाच बसलेलो होतो.

डॉक्टर म्हणाले, हृदय. म्हणाले, या वयात असं जायला भाग्य लागतं. मला भाग्य वगैरे काही वाटलं नाही. मला फक्त एवढं कळत होतं की जे अंग मी आठ महिने निजवून ठेवलं होतं, ते त्या सकाळपर्यंत स्वतःच्या पायांनी वाडीभर फिरत होतं. त्याच्या आत किती पेशींनी किती काम केलं असेल. आणि मी त्यांना नावानिशी ओळखत असूनही त्यांच्या वाटेत आडवी पडले होते, तरी त्या संपल्या नाहीत. मी बाजूला झाल्याबरोबर उठल्या.

दुपारी तुम्हाला आंघोळ घातली. बेबीकाकी पाणी ओतत होत्या, आणखी दोघीतिघी होत्या, पाय मी धूत होते. तुमच्या टाचांना भेगा होत्या आणि भेगांत वाडीची माती बसलेली. त्याच सकाळची, अजून ओली. मी नारळाच्या काथ्यानं घासलं. निघेना. पुन्हा घासलं.

"राहू दे गं," बेबीकाकी म्हणाल्या. "ती काय आता निघायची नाही."

मी काथ्या खाली ठेवला. तुमच्या त्या दोन पायांवर डोकं टेकलं आणि म्हटलं, "आई, मी चुकले. तुम्ही सांगत होतात आणि मी ऐकलं नाही." मोठ्यानं म्हटलं. तुम्ही मला त्या दिवशी हाक मारली होतीत तेवढ्या मोठ्यानं. बेबीकाकींनी मला उठवायला हात पुढं केला, पण मी उठले नाही. त्यांना ते रडणं वाटलं.